अर्धं जाताना, अर्धं येताना

कुंदा, तू गेल्यापासून लोक मला सारखं काहीतरी विचारतायत. कसं झालं, आधी काही त्रास होता का, तुला कधी कळलं. सगळ्यांना मी तीच दोन-चार वाक्यं सांगते, पुढचा स्टॉप ओरडणाऱ्या कंडक्टरसारखी. उत्तर देता आलं नाही असा प्रश्न एकट्या आदेशनं विचारला. तोच, पुढच्या बाकावर बसून जांभया देणारा, ज्याला तू म्हणायचीस, हा झोपेतसुद्धा बरोबर इंटिग्रेट करतो. जिन्यात गाठून म्हणाला, "मॅडम, एक डाऊट होता. आता पेपरात कोपऱ्यात 'कुं' लिहिलं तर चालेल का?"

मी म्हटलं, "सोमवारी वर्गात सांगते," आणि तशीच वर गेले. स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसले. तुझी खुर्ची समोर होती, तिच्यावर कुणीतरी प्रॅक्टिकलच्या फायली ठेवल्या होत्या. मी बसून राहिले आणि मला काहीच वाटलं नाही. हे तुला सांगते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझ्या पाठीवर हात ठेवेल. तू गेलीस आणि मला काहीच वाटत नाहीये. मी जेवते, झोपते, कळंबोलीहून बस पकडून वेळेवर येते, इंटर्नलचे पेपर तपासते. अक्षर वाईट असलं की चिडतेसुद्धा. फक्त मध्ये कुठेतरी कापूस भरल्यासारखं झालंय, आणि सगळे आवाज त्याच्या पलीकडून येतात.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कसलं गं हे कुं?" इतकी वर्षं तो तुझं नाव ऐकतोय, माझी चिडचिड ऐकतोय, पण आपलं भांडण नेमकं कशावरून ते त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. मेथी निवडायला घेतली होती. निवडता निवडता सांगितलं.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्ही दोघी मिळून एक पेपर शिकवतो, म्हटलं. भौतिकशास्त्रासाठी लागणारं गणित. ती गणिताची, मी फिजिक्सची. अर्धा पेपर ती शिकवते, अर्धा मी. त्यात फूरिए ट्रान्सफॉर्म नावाचा एक प्रकार आहे. आपल्याकडे सुटत नसलेलं फंक्शन दुसऱ्या मुलखात न्यायचं, तिथं ते सोपं होतं, काम उरकायचं आणि मग त्याला परत आणायचं. एक जायचा रस्ता, एक यायचा. या जाण्यायेण्यात कुठेतरी एकदा टू पायनं भागावं लागतं. कुठं भागायचं ते आपल्या मर्जीवर असतं. मी जाताना काहीच करत नाही, येताना एकदम भागते. ती दोन्हीकडे सारखं वाटून घेते, जाताना रूट टू पाय, येताना रूट टू पाय. दोन्ही बरोबर. पण एकदा धरलेली पद्धत शेवटपर्यंत सोडायची नाही, नाहीतर उत्तर बिघडतं.

तो ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला माणूस. जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे तुझी गाडी जाताना रिकामी आणि येताना फुल. तिची दोन्हीकडून अर्धी."

"तसंच काहीसं."

"मग तिचं बरोबर आहे की. रिकामी गाडी कोण पाठवतं?"

एवढी वर्षं संसार केला, कुंदा, आणि हा तुझ्या पक्षाचा निघाला. तुला हे सांगायला मी फोन उचलला होता. उचलून हातात धरला, मग चार्जिंगला लावला. तेव्हाही काही वाटलं नाही.

आपलं पहिलं भांडण तुला आठवतं का? तुझा भाग आधी असायचा, माझा नंतर. तू ट्रान्सफॉर्म शिकवून पाठवायचीस आणि मी तेच उष्णतेच्या समीकरणाला लावायला घ्यायचे. पहिल्याच वर्षी अर्धा वर्ग माझ्याकडे रूट टू पाय घेऊन आला. मी म्हटलं, हे कुठून आणलंत? म्हणाले, कुंदा मॅडमनी दिलंय. मी तरातरा तुझ्याकडे आले, तेव्हा आपली धड ओळखही नव्हती. तू डबा खात होतीस. म्हणालीस, "बसा. सोड्यांची चटणी खाता का?" मी म्हटलं, टू पायचं काय ते आधी बोला. तू शांतपणे भाकरी मोडलीस आणि म्हणालीस, "सगळं ओझं परतीच्या वाटेवर टाकणारी बाई पहिल्यांदा बघते आहे." दुसऱ्या दिवशी आपण अगंतुगंवर होतो.

आपल्यातलं कुणीच हटेना, म्हणून तो तोडगा निघाला. मुलांनी उत्तराच्या कोपऱ्यात लिहायचं, 'कुं' किंवा 'नी'. कुंदाची पद्धत की नीलाची. मग आपण त्याप्रमाणे तपासायचं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असला कारभार चालला असता असं मला वाटत नाही. बाहेरून आलेल्या त्या परीक्षकानं एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ठेवून विचारलं होतं, "हे कुं काय आहे? निम्म्या पेपरांत आहे. कुंकवाचं काही धार्मिक आहे का?" तू इतकी हसलीस की ठसका लागला, आणि मला एकटीलाच त्या सभ्य गृहस्थांना सगळं समजावून सांगावं लागलं. ते जाताना म्हणाले, "बायांनो, एक काय ते ठरवा." दरवर्षी जूनमध्ये आपण ठरवायला बसायचो. दरवर्षी चहा संपायचा आणि काही ठरायचं नाही.

तुझा मुद्दा मला पाठ आहे. तू ती टेकडीसारखी वक्ररेषा काढायचीस, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत गेलेली, आणि म्हणायचीस, "हे बघ नीले, माझ्या पद्धतीत ही पलीकडे गेली तरी हीच राहते. आकार तोच, उंची तीच. तुझ्या पद्धतीत उगाच फुगते." मी म्हणायचे, फुगू दे, परत आल्यावर उतरते ना. तू म्हणायचीस, पण तिकडे असताना तिला तिचं रूप नको का? मी म्हणायचे, कुंदा, फंक्शनला आरसा लागत नाही. यावर तू खडूनं माझ्या पाठीवर रेघ मारायचीस आणि मी ती घेऊन दिवसभर फिरायचे.

आणि तुझं ते ओरडणं. वर्गात तू किती व्यवस्थित बोलायचीस, अर्धं पुस्तकी मराठी, अर्धं इंग्रजी. पण परतीचा ट्रान्सफॉर्म करून मूळ फंक्शन हाती आलं की तुझ्या तोंडून तुमचं कोळ्यांचं दिवाळे गाव बाहेर पडायचं. हात झटकून विचारायचीस, "आला कं घरा?" आणि अख्खा वर्ग, त्यात यूपीचा, केरळचा, कुठकुठला पोरगा, एका सुरात ओरडायचा, "आला!" मी शेजारच्या वर्गात ऑसिलोस्कोप लावत असायचे. भिंतीपलीकडून तो 'आला' ऐकू आला की मला घड्याळ बघावं लागत नसे. तास संपत आलाय हे कळायचं.

शेवटच्या मंगळवारीही तू कँटीनमध्ये तोच विषय काढलास. म्हणालीस, "नीले, या वर्षी सोक्षमोक्ष लावू. नाणं उडव." मी म्हटलं, गणित नाण्यावर ठरत नसतं. तू म्हणालीस, "बरं, मग गुरुवारी. भाऊ जिताडं आणणारे. कालवण करून आणते, जेवू आणि भांडू." मी म्हटलं, काटे काढून आण. तू म्हणालीस, "लाडावलीस." मग तू तासाला गेलीस. त्या टेकडीला पलीकडे पोचवलंस, परतीचा रस्ता पुढच्या तासासाठी ठेवलास. बुधवारी दुपारी तुझ्या भावाचा फोन आला. काय झालं ते तुला माहीत आहे, मला पुन्हा लिहायचं नाही.

गुरुवारी मी डबा नेला नव्हता. तू आणणार होतीस म्हणून आदल्या सकाळीच सुनेला सांगून ठेवलं होतं, उद्या माझा डबा नको. सांगितलेलं परत फिरवायचं राहून गेलं. त्या दिवशी तुझ्या घरून परत आल्यावर लक्षात आलं की मी सकाळपासून काही खाल्लं नाही, आणि मला भूकही लागलेली नव्हती.

दहाव्याला गेले होते. खाडीवर बायका पाण्याजवळ उभ्या होत्या, ओहोटी होती, होड्या चिखलात टेकलेल्या. कावळा शिवायची सगळे वाट बघत होते. मला माझीच लाज वाटली, कुंदा, कारण मी सुकत टाकलेल्या मासळीकडे बघत होते आणि मनात येत होतं, दोऱ्या किती सारख्या अंतरावर बांधल्यात. बाकीच्या बायका रडत होत्या. तुझी वहिनी माझ्या गळ्यात पडली, मी तिला धरून ठेवलं, पण खांबाला मिठी मारावी तसं झालं असेल तिला.

मग तुझ्या आईनं बोलावलं. ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "ये गो बाय, आशी बस. कुंदी बोलाची, नीला लय हट्टी हाय." मी म्हटलं, आई, ती पण काही कमी नव्हती. "ती तं व्हतीच," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमचा भांडान मिटला कं?"

"नाही हो आई. राहिलं ते."

आईनं मान हलवली. माझा हात घेतला आणि म्हणाली, "मंग आथा कोनाशी भांडशील गो?"

त्या क्षणी तरी रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हटलं, बघू, आणि चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला.

परत कॉलेजात आले तर विभागप्रमुखांनी बोलावलेलं. ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. डोळे पुसून म्हणाले, "कुंदा मॅडमचा उरलेला भाग तुम्हीच घ्या. तुमच्याशिवाय कोण घेणार?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "आणि मॅडम, आता ते दोन कन्व्हेन्शनचं राहू दे. एकच ठेवा. तुमचंच ठेवा. मुलांचं टेन्शन कमी होईल." खोलीत आणखी दोघंतिघं होते, त्यांनीही माना हलवल्या. कुणाचंच चुकत नव्हतं. एका ओळीत सगळं ठरलं. चहासुद्धा आला नव्हता अजून.

म्हणजे मी जिंकले. जिंकल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं, कारण तू कधी जिंकू दिलं नाहीस. मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले आणि विचार केला, पुढच्या वर्षीच्या मुलांना कुं म्हणजे काय ते कळणारच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही. आदेशनं विचारलं होतं ते हेच. कोपऱ्यातलं ते एक अक्षर गेलं की या इमारतीत तुझं काही उरत नाही. आपल्या वर्गाला कुणाचं नाव देत नाहीत, भिंतीवर फोटो लावत नाहीत. तुझं होतं ते तेवढंच होतं, उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात, मुलांच्या हातचं.

आणि मला ती जुनी गोष्ट आठवली, जिच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा मी साताऱ्याला जाऊन बसले होते आणि माझा सगळा भाग तू घेतलास. परत आल्यावर मुलांच्या वह्या बघितल्या. प्रत्येक पानावर परतीच्या वाटेवर एक भागिले टू पाय. रूट कुठेच नाही. मी त्या वेळच्या एका मुलीला विचारलं, हे कुंदा मॅडमनी शिकवलं? ती म्हणाली, "हो. मॅडम रोज आल्या की फळ्याच्या कोपऱ्यात 'नी' लिहायच्या आणि म्हणायच्या, हा नीला मॅडमचा तास आहे." तू महिनाभर माझ्या पद्धतीनं शिकवलंस आणि एकदाही चुकली नाहीस. मला सांगितलंही नाहीस. मी भेटले तेव्हा तू एवढंच विचारलंस, बाबा जेवतात का आता? मी म्हटलं, थोडं थोडं. आणि आपण लगेच जूनचं भांडण काढलं. त्या महिन्याबद्दल मला तुला खूप काही म्हणायचं होतं. तुझ्यासमोर असलं काही बोलायला लागलं की तू डब्याचं झाकण उघडायचीस, म्हणून राहून गेलं. आज म्हणते. उपकार होते ते, कुंदा. मी ते रोज मनात धरून होते.

तेव्हा ठरवलं. प्रमुखांना जाऊन सांगितलं, सर, निदान या मुलांचं तिनं सुरू केलंय तसंच संपवते. पुढचं पुढे बघू. ते म्हणाले, तुमची मर्जी. रविवारी दुपारी मी टेबलाशी बसून तुझ्या पद्धतीचा सराव केला. इतकी वर्षं हात एकाच वळणाचा झालेला. दर वेळी परतीला रूट घालायचं आठवावं लागत होतं. नवरा म्हणाला, "परीक्षा तुझी आहे का?" म्हटलं, हो.

सोमवारी वर्गात गेले. सगळे आले होते, एरवी दांड्या मारणारेही. मी खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, कुं. मग वळून म्हटलं, "हा कुंदा मॅडमचा तास आहे. आणि आदेश, चालेल. पेपरातही चालेल." तो आज जांभई देत नव्हता. मान खाली घालून त्यानंही वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

कधीच दांडी न मारणाऱ्या श्रुतीच्या वहीत बघून तुझी मंगळवारची शेवटची ओळ फळ्यावर उतरवली. जाताना रूट टू पायनं भागलेली, तुझी टेकडी, पलीकडे गेली तरी तीच. तिथून मी परतीला लागले. बोलत होते, लिहीत होते, हात चालला होता. कापसाच्या आतून मला माझाच आवाज ऐकू येत होता, बरा होता. पदांचा पूर्ण वर्ग करणं, रेषा पुरी करणं, उत्तराखाली रेघ ओढणं, सगळं रीतसर झालं. हात झटकून मी मुलांकडे वळले आणि माझ्या तोंडून गेलं, "आला कं घरा?"

ठरवलेलं नव्हतं. तुझी बोली माझ्या तोंडी कधी बसली नाही, तू तर माझ्या साताऱ्याच्या हेलाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचीस. मुलं फळ्याकडेच बघत राहिली. मला वाटलं, मी हे बोलायला नको होतं, मुलं दुखावली. मला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

मग आदेश हळूच म्हणाला, "नाही, मॅडम."

"काय नाही?"

"कमी आलंय. जाताना कुंदा मॅडमचं होतं. येताना तुमी तुमचं वापरलं. रूट राहिला."

मी फळ्याकडे वळले. खरंच तसं होतं. परतीच्या ओळीत माझा तो उघडाबोडका टू पाय. काल दिवसभर घोकलेलं, आणि हातानं आपलंच केलं. तू पाठवलेलं मी आणलं आणि ते पुरं आलं नाही. टेकडीची उंची निम्म्याहूनही कमी भरत होती. गेलं तेवढं परत आलं नव्हतं, आणि ते माझ्याच अक्षरात माझ्यासमोर लिहिलेलं होतं. इतके दिवस लोक मला हेच सांगत होते बहुतेक. मला ते आत्ता वाचता आलं.

दुरुस्ती केवढी, खडूची एक रेघ. टू पायच्या डोक्यावर रूट घालायचा. मी घातला, पण त्याचं शेपूट लांब गेलं. खालच्या ओळी पुसून पुन्हा लिहिल्या. टेकडी तिच्या उंचीला आली. मी रडत होते, कुंदा. चांगली नाक ओढत, पोरांसमोर, फळ्याकडे तोंड करून, आणि थांबवता येत नव्हतं. आता पुन्हा विचारायला हवं होतं, तुझ्यासारखं, हात झटकून. माझ्याच्यानं तोंड उघडवेना.

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. श्रुती म्हणाली, "आला, मॅडम." मग आदेश म्हणाला. मग सगळे म्हणाले, ओरडून नाही, एकेक करून, माझ्या पाठीला.